कोरा हिरवा ड्रेस

कॉलेजातल्या मुलींच्या निवडक क्लबांत, म्हणजे सोरॉरिटीत, शिरायला आलेल्या नव्या मुलींची लॉरेल मार्गदर्शक होती. निवडीच्या आठवडाभर आपलं हाउस, म्हणजे आपला क्लब, कुठला ते कुणाला सांगायचं नाही, आणि रोज सकाळी कुणाला कुठल्या हाउसनं नाकारलं ते मात्र तिनंच सांगायचं.

निवडीच्या तिसऱ्या फेरीला निघताना तिच्या गटातल्या जोलीनच्या एकुलत्या एका बऱ्या ड्रेसवर कॉफी सांडली. लॉरेलनं शेवटच्या दिवसासाठी घेतलेला आपला कोरा हिरवा ड्रेस तिला घालायला दिला. दुसऱ्या सकाळी सगळ्या हाउसेसनी जोलीनच्या नावावर फुली मारलेली होती. लॉरेलच्या हाउसनंसुद्धा.

जोलीननं ड्रेस धुऊन, इस्त्री करून परत आणला. "माझं नेमकं काय चुकलं गं?" तिनं लॉरेलला विचारलं.

उत्तर लॉरेलला दुपारी मेसमध्ये मिळालं. तिच्याच हाउसची मेरिडिथ खिदळत म्हणाली, "तुझ्या त्या जोलीनला कपड्यांची काही अक्कल? काय तो हिरवा ड्रेस! आजीचे पडदे फाडून शिवल्यासारखा!"

लॉरेलनं ताट तसंच सरकवलं आणि ती उठली.

शेवटच्या दिवशी हाउसचं गुपित संपलं आणि सगळ्या मार्गदर्शक आनंदानं किंचाळत आपापल्या हाउसकडे धावल्या. लॉरेल चालत गेली, तोच ड्रेस घालून. मेरिडिथ पायऱ्या उतरून तिच्या गळ्यातच पडली.

"अय्या, कसली गोड दिसतेयस! कुठून आणलास गं हा?"

"जोलीनकडून," लॉरेल म्हणाली आणि तिनं गळ्यातले मेरिडिथचे हात काढून टाकले.