तिसरं पोतं

ऑक्टोबर संपत आला होता, आणि आर्डिसकाकू नायट्रोजनचं तिसरं पोतं न्यायला दुकानात आल्या. आमच्या मिनेसोटात घरापुढच्या हिरवळीला पानगळीच्या दिवसांत हे खत एकदा घातलं, की लोक वसंतापर्यंत तिला विसरून जातात.

“काकू, अंगणात गाई सोडताय का?” पोतं काउंटरवर ठेवत मी विचारलं.

“गवत भराभर वाढलं पाहिजे.”

“अहो, मग दर रविवारी कापावं लागेल.”

“लागू दे की. जेरल्ड येतो ना. परवा लोकरी टोपी घालून कापत होता. म्हणतो, आई, अख्ख्या गल्लीचं गवत झोपलं, तुझ्याच गवताला कसली एवढी घाई? मग जेवूनच गेला.”

जेरल्ड त्यांचा मुलगा. वीस मिनिटांवर राहतो, आणि काम निघालं की लगेच येतो.

नोव्हेंबरात जमीन गोठली आणि काकू पुन्हा आल्या. मी पोत्याला हात घातला आणि थांबलो.

“काकू, आता कितीही ओतलंत तरी एक काडी वाढायची नाही. पण बर्फ पडला की जेरल्ड येईलच ना, फावडं घेऊन.”

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. आभाळ लख्ख निळं होतं.

“बर्फासाठी काही खत ठेवता का रे?”

“बघतो,” म्हणालो, आणि गोदामात जाऊन खरंच बघून आलो.