गुरुवार सोडून

“गुरुवार काढ त्यातनं,” कानिफनाथ लेकीला म्हणाले.

दिशाचा हात कीबोर्डवरच थांबला. राहात्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या हॉटेलाची वेबसाइट तिनेच बनवली होती. आज ती त्या वेबसाइटच्या पोटात स्कीमा भरत होती. म्हणजे गिऱ्हाइकाला न दिसणारा, पण गुगलला वाचता येणारा मजकूर. नाव, पत्ता, शेवभाजी, पिठलं-भाकरी, उघडं असण्याचे वार आणि वेळा. एवढं नीट भरलं की शिर्डीला निघालेल्या माणसाच्या मोबाईलवर ‘आता उघडे आहे’ असं आपसूक येतं.

“आबा, गुरुवारी सगळी दुनिया शिर्डीला जाते. आणि आपण कुलूप लावायचं?”

“अकरा वर्सं लावतोय. काढ.”

आता याला काय म्हणावं! बायपास रस्ता झाल्यापासून गर्दी उरली होती ती गुरुवारची आणि रविवारची. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक वाढलं नाही, तर जागा टायरवाल्याला भाड्याने जाणार होती. तसा शब्दही देऊन झाला होता. हॉटेल वाचवायला पुण्याची नोकरी सोडून आलेल्या दिशाला आत्तापासूनच टायरचा वास येत होता. तिने मान डोलावली आणि गुरुवार तसाच ठेवला.

गुरुवारी अकराच्या सुमाराला दोन ट्रॅव्हल्स कुलपासमोर येऊन थांबल्या. पन्नास-साठ माणसं भराभर खाली उतरली. एकाने मोबाईल वर धरला. “यात तर उघडं दाखवतंय.”

दिशा किल्ली घेऊन धावली. पण आबा तिच्या आधीच दारात उभे होते.

“यंत्र चुकलंय,” ते शांतपणे म्हणाले. “मागच्या अंगाला जा. वैजनाथचं हॉटेल हाय. भाकरी आमच्यापरीस बरी असती.”

दिशा बघतच राहिली. वैजनाथ म्हणजे तिचे नाना, आबांचे धाकटे भाऊ. वाटणी झाली तेव्हापासून दोघांत अबोला. लग्नकार्यात एक पहिल्या पंगतीला बसला, तर दुसरा तिसरीला बसायचा.

माणसं मागे गेल्यावर आबा म्हणाले, “वाटनीत रस्त्याची बाजू मला आली. मी उघडा असल्यावर मागं कोन जातंय? एक दिस तरी त्याची चूल नीट पेटाया नको?”

दिशाला आबांचा राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. लॅपटॉप उघडला आणि गुरुवार काढून टाकला. टायरवाला डोळ्यांपुढे दिसत होता, तरी काढला.

दुसऱ्या दिवशी आबा बाजाराला गेल्याचं बघून नाना आले.

“दिशे, काल तुझ्या त्या यंत्रानं लई मानसं धाडली. माझ्याबी हॉटेलाचं भरून दे की तसलं.”

“वार सांगा, नाना.”

“समदे. रविवार सोडून.”

रविवारी नानांचं शटर खाली असतं, हे तिला ठाऊक होतं. आळस, दुसरं काय, असं आई म्हणायची.

“नाना, रविवारी तर रस्ता भरून वाहतो.”

“म्हनून तर. दादाच्या घरात खानारी तोंडं जास्त हायेत. माझ्याकडं वळनारी चार मानसंबी त्याच्याकडंच जाऊ देत.” नानांनी एकदा रस्त्याकडे पाहून घेतलं. “पन त्याला सांगू नको. न्हाईतर बोलाया लागंल माझ्यासंगं.”