चार नंबरची जुळी

सकाळी आठला सलोनीने आधी स्क्रीन पुसली. काचेवर रोजच्यासारखे काळ्या, तेलकट बोटांचे ठसे होते. लोहाऱ्याच्या या जिनिंगमध्ये येऊन तिला महिना झाला, पण इथल्या घाणीची किळस काही जात नव्हती. जिकडेतिकडे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या, आणि त्या मारण्यात सगळ्यात पुढे धावजी फिटर.

पुसलेल्या स्क्रीनवर चार नंबरची जुळी पुन्हा लाल झाली होती.

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या चार नंबरच्या मशीनची ही संगणकातली जुळी बहीण. खऱ्या मशीनवरचे सेन्सर तिला ताप, थरथर सगळं कळवत, आणि पुढे काय बिघडणार ते ती आधीच सांगे. निदान सलोनीच्या कंपनीने शेठना तसं सांगितलं होतं. रोज सकाळी जुळी म्हणे, संध्याकाळपर्यंत बेअरिंग जाम होणार. जेवणाची सुट्टी संपली की आपोआप हिरवी. बेअरिंगला महिनाभरात काही म्हणता काही झालं नव्हतं.

धावजीला आयताच विषय मिळाला. चहाच्या वेळी तो सगळ्यांदेखत विचारी, "काय मॅडम, आज कोणाचं मरण सांगून राह्यली तुमची जुळी?" माणसं हसत. तोही लालभडक दात दाखवून हसे, आणि सलोनीला चहा जात नसे.

शेठ मात्र हसले नाहीत. शनिवारी बघायला येतो म्हणाले, तेव्हाही लाल दिसली तर जुळीही नको आणि तुम्हीही नको. या नोकरीचे पेढे सलोनीच्या वडिलांनी उमरखेडला गल्लीभर वाटले होते.

सोमवारी तिने जुळीची तापाची मर्यादा गुपचूप वीस अंशांनी वाढवली. आकडा टाकताना तिला स्वतःचीच शिसारी आली. पण जुळी हिरवी झाली, आणि हिरवीच राहिली. धावजीचे टोमणेही थांबले. उलट जाता-येता तो स्क्रीनकडे पाहून समाधानाने मान डोलवायचा. तिला ते सोंग वाटे.

शनिवारी शेठ यायच्या तासभर आधी चार नंबरचं बेअरिंग जाम झालं. ठिणगी कापसात पडली. धावजीने धावत जाऊन मशीन बंद केली आणि पेटता कापूस नुसत्या हातांनी बाहेर ओढला.

दवाखान्यात त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. सलोनीला राहवलं नाही. तीस वर्षं त्या मशीनपाशी काढलेल्या माणसाला बेअरिंगचा आवाज कसा कळला नाही? तिला दोनदा विचारावं लागलं.

"कान गेले माहे, मॅडम," धावजी खालच्या आवाजात म्हणाला. "शेठले कळलं असतं तं घरीच बसवलं असतं, म्हणून हसण्यावारी नेत होतो. रोज सकाळी तुम्ही यायच्या पहिले जुळी पाहत होतो. लाल असली का जेवणाच्या सुट्टीत बेअरिंगले ग्रीस भरत होतो. सोमवारपासून हिरवी दिसून राह्यली, मंग नाही भरलं."