हंबीर यंत्र, नंबर तीन

साहेबानं घड्याळ बघून हात वर केला, तशी हंबीरराव मिस्त्रींनी देवाचं नाव घेतलं आणि खिट्टी ओढली.

लॉरीच्या स्प्रिंगचे तीन पाटे एकदम सुटले. असा आवाज झाला की जीपचा ड्रायव्हर मटकन खालीच बसला. पाऊण शेराचा मातीचा गोळा सरळ आभाळात गेला. साहेब मान वर करून बघत राहिला, हंबीररावही बघत राहिले. गोळा सावकाश परत आला आणि यंत्रापासून चार हातांवर धप्पकन पडला.

"ह्यो निस्ता अंदाजाचा हुता साहेब," हंबीरराव म्हणाले.

लोणंदला उसाचे चरक आणि मोटेची चाकं दुरुस्त करणारा हा माणूस. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरून लेकाचं, लालासाहेबाचं पत्र आलं. निम्म्या ओळींवर लष्करानं काळी शाई फासलेली, पण एवढं वाचता आलं: 'आबा, दुश्मनाचा खंदक चाळीस पावलांवर आसतोय, आन् आमचा हातगोळा तिसावरच पडतोय.' दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रींनी गिऱ्हाइकांचे चरक बाजूला सारले. नंबर एकच्या यंत्रानं कारखान्याचं छप्पर फोडलं. नंबर दोननं गोळा जागेवर ठेवून स्वतःच उडी मारली. नंबर तीन मात्र हंबीररावांना पास वाटत होतं. पुण्याला तीन अर्ज धाडल्यावर आज कुठं हा लष्कराचा गोरा साहेब बघायला आला होता. चाळीस पावलांवर त्यानं लाल निशाण रोवून घेतलं होतं.

"फिर से," साहेब म्हणाला.

दुसरा गोळा पुढं गेला, पण सव्वीस पावलांवर पडला. हंबीररावांना घाम फुटला. त्यांनी घाईघाईनं चौथा पाटा चढवला, पाना फिरवून फिरवून आवळला आणि खिट्टी ओढली. यंत्र अंगात आल्यासारखं गर्रकन वळलं. गोळा निशाणाकडं न जाता डावीकडं सुटला आणि थेट बिराप्पा धनगराच्या मेंढरांत जाऊन पडला.

मेंढरं उधळली. सगळ्यांच्या पुढं शिंगाडा मेंढा, तो नीट साहेबाच्या जीपवर चालून आला. साहेब चपळाईनं बॉनेटवर चढला.

"आरं ए मिस्त्री! माझी मेंढरं काय जपानी हायती व्हय रं?" लांबून बिराप्पा ओरडला. पायाशी पडलेला तोच गोळा त्यानं उचलला, खांद्यावरची गोफण काढली, डोक्याभोवती एक फेरा दिला आणि सोडला. गोळा हंबीररावांच्या डोक्यावरून सूं करत गेला आणि मेंढ्याच्या बरोबर पुढ्यात फुटला. मेंढा जागच्या जागी वळला. त्याच्यामागनं सगळा कळप वळला.

साहेब बॉनेटवरून उतरला. तो स्वतः बिराप्पापासून जीपपर्यंत पावलं मोजत आला. ब्याण्णव भरली.

"ये कौनसा मशीन है?"

"गोफान हाय जी."

"किसने बनाया?"

"हरणाबाईनं. माझी बायकू."

साहेबानं वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "तेल कितना लगता है?"

"त्याल कशाला? सकाळच्या पारी दोन भाकरी. कालवण आसलं तर ब्येस."

साहेबाला हसू आवरेना. पण तो हुशार होता. पिन काढल्यावर हातगोळा चार सेकंदांत फुटतो, हे त्यानं बोटं दाखवून समजावलं. त्यावर बिराप्पानं साहेबाकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं.

"एकाच फेऱ्यात सोडायचा. लांडगा काय तुमचा दुसरा फेरा बघाया थांबतोय व्हय?"

साहेबानं तपासणीसाठी म्हणून गोफण मागून घेतली. नंबर तीनकडं त्यानं पाठ केली. फक्त हंबीररावांच्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

धुरळा खाली बसला. हंबीरराव यंत्राच्या लाकडी पायावर टेकले. चार महिन्यांची मेहनत पुढ्यात आ वासून उभी होती. रागवायचं कुणावर, हे कळेना.

"आवं मिस्त्री, उठा," बिराप्पा म्हणाला. "गोफान न्हेली तुमच्या सायबानं. आता घरी तुमीच सांगा हिला."

बिराप्पाचं कापडी पाल ओढ्याच्या काठाला होतं. हरणाबाई बाहेर बसून लोकर कातत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला सुनावलं, "सायबानं मागितली म्हून दिली? उद्या मला मागंल!" मग नव्या गोफणीच्या दोरीला पीळ घालायला बसली.

हंबीरराव थोडा वेळ तिची बोटं बघत उभे राहिले. एकात एक पेड बसत होता. कुठं खिळा नाही, कुठं पाना नाही.

"हरणाबाई," ते हळूच म्हणाले, "आनखी एक वळशील का? माझ्या लालासाहेबाला धाडायची हाय. लढाईवर."

हरणाबाईचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच मिस्त्रींकडं नीट बघितलं.

"वळते की. पर दोरीचा फास बोटात नीट बसाय पायजे. तुमचं पोरगं उजवं हाय का डावं?"

हंबीररावांनी तोंड उघडलं. पोराला जेवताना आठवून बघितलं, ऐरणीवर घण मारताना आठवून बघितलं. स्टेशनावर गाडीच्या खिडकीतून हात हलवताना आठवून बघितलं.

"वाईच थांब," ते म्हणाले. "त्याच्या आयेला, राहीबाईला इचारून येतो."

आणि ते माळ तुडवत घराकडं निघाले. मध्येच थांबले. मोकळा उजवा हात डोक्याभोवती एकदा फिरवून बघितला. मग डावा.