गेली की उडाली?

सकाळपासून ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात अभयारण्याच्या वहीत नवख्या निरीक्षकानं सात नंबरच्या घरट्यापुढे लिहिलं होतं, ‘पिल्लं गेली.’ “गेली म्हणजे मेली की उडाली? हा शब्द नको म्हणून कानीकपाळी ओरडते मी!” “ताई, आज लेक परदेशी निघाली ना? विमानतळावर नाही गेलात?” तो चाचरला. “मग घरटी कोण मोजणार?” पाचव्यांदा फोन बघून त्यांनी काठीला बांधलेला आरसा घरट्यावर धरला. आत सामसूम होती. पण अस्तर शाबूत होतं, काठ पिल्लांनी तुडवून सपाट केला होता. मांजरानं पळवली असती तर सगळं विस्कटलं असतं. ताईंनी ‘गेली’ खोडून ‘उडाली’ लिहिलं, तेवढ्यात फोन वाजला. विमानतळावरून नवरा बोलत होता. “गेली गं पोरगी.” वहीतलं अक्षर धूसर झालं, तरी ताई खेकसल्याच, “गेली काय म्हणता? उडाली म्हणा!”