सरांचे शहाणे थेंब

बाहेर रखरखीत ऊन, आणि सरांच्या हाताखाली थेंबांचं गणित करणारी थेंबवाली प्रयोगशाळेत रेनकोट घालून आली.

"काय गं, छत गळतंय का आपलं?" सर म्हणाले. औषध कारखान्याच्या मॅडम खांब बघायला आल्या होत्या, आणि पाहुणे असले की सरांना विनोद सुचतात.

"अजून तरी नाही, सर."

सगळे हसले. तीही हसली. तिला कुठे घाई होती?

खोलीच्या मधोमध दोन पुरुष उंच काचेचा खांब. वरून पाणी उतरायचं, खालून लाल रंगवलेलं तेल थेंबाथेंबानं चढायचं आणि चढता चढता पाण्यातलं औषध शोषून घ्यायचं. सरांच्या कॉम्प्युटरमधले थेंब म्हणजे गुणी बाळं, सगळी एका मापाची, रांगेत वर जाणारी. थेंबवालीचे थेंब वांड. कारखान्याच्या पाण्यात साबणासारखी घाण असते, तिच्यामुळे ते फुटून बारीक होतात, पुन्हा एक व्हायचं नाव घेत नाहीत, वाटेतच गर्दी करतात आणि खांब तुंबतो, असं तिचं गणित. ते सरांनी केराच्या टोपलीत टाकलं होतं.

"आज माझ्या आकड्यांवर कारखान्याचा चार मजली खांब मंजूर होणार," त्यांनी कालच बजावलं होतं. "मध्ये तोंड घातलंस तर उद्या टेबल रिकामं करायचं."

तिनं तोंड घातलंच नाही. कारखान्याच्या मॅडमना नुसता फोन केला, येताना तुमचंच पिंपभर पाणी घेऊन या म्हणून.

पिंप आत आलं तेव्हा सर जरा थबकले. या खांबात आजवर औषध कालवलेलं स्वच्छ डिस्टिल्ड पाणीच गेलं होतं. पण मॅडमसमोर मॅडमचंच पाणी नाकारणार कसं?

"पाणी म्हणजे पाणी," म्हणत ते खांबाला रेलून उभे राहिले. "सोड गं तेल. माझा आकडा आहे तेवढं सोड. थेंबभर कमी नको."

तिनं तेलाच्या नळाची चावी फिरवली. थेंबभरही कमी नाही.

थेंब चढले. कमरेपर्यंत अगदी शहाण्यासारखे. मग बारीक झाले, रेंगाळले, एकमेकांच्या उरावर बसले. काचेआड सगळं गुलाबी दुधासारखं गढूळ झालं आणि ते दूध वर सरकायला लागलं. वरचं झाकण टकटक वाजू लागलं. मॅडमनी आपली खुर्ची उचलली आणि थेंबवालीच्या मागे नेऊन ठेवली.

"बंद कर! अगं, बंद कर ते!"

"काय बंद करू, सर? तुमच्या गणितात तर हे होतच नाही."

झाकण उडालं. थेंबवालीनं चावीवरचा हात काढला आणि रेनकोटची टोपी डोक्यावर ओढून घेतली.