कमी बोलणारा सदस्य

"बूट गुडघ्यापर्यंत की मांडीपर्यंत?" अध्यक्षांनी विचारलं.

या एका प्रश्नावर पाऊण तास गेला होता. पणजीतल्या एका खाजगी विद्यापीठाची नैतिकता समिती तेजस्विनी नावाच्या संशोधिकेचा प्रस्ताव तपासत होती. पेडण्याजवळच्या चोपडे गावात नदीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बारा बायकांच्या पायांना जखमा कशा होतात, किती चिघळतात, याचा ती वर्षभर अभ्यास करणार होती. चिखलात शिंपल्यांच्या धारा असतात, काचा असतात, आणखी काय असेल ते सांगता येत नाही, असं तिनं लिहिलं होतं. म्हणून संशोधन पथकातल्या चौघांसाठी गमबूट आणि हातमोजे मागितले होते. ही काळजी समितीला फार आवडली. सुरक्षेच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण पडले. शेवटी मांडीपर्यंतचे बूट ठरले.

टेबलाच्या टोकाला पांडुरंग बसला होता. पेडण्याचा निवृत्त पोस्टमन. समितीत विद्यापीठाबाहेरचा एक साधा माणूस असावा, असा नियम आहे आणि त्याच्या सहीशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याला शोधून आणला होता. तीन वर्षांत त्याने एकदाच तोंड उघडलं होतं, तेही पंखा कमी करा म्हणायला. अध्यक्ष त्याला आदर्श सदस्य म्हणत आणि त्याला ते खरं वाटे. मोठ्या शिकलेल्या माणसांत बसून चहा प्यायचा, सह्या करायच्या, बसने घरी यायचं आणि बायकोला सांगायचं, "आज तीन मंजूर केले."

पण चोपडे त्याच्या पायाखालचं होतं. बावीस वर्षं त्याने तिथे टपाल वाटलं होतं. रजिस्टर पत्र घेऊन गेलं की तिसऱ्या काढणाऱ्या सुलोचनाचं घर हमखास बंद. मग तो काठावर उभा राहून हाक मारायचा. ती चिखलातून वर यायची, ओल्या हाताने सही करायची आणि दगडावर बसून पाय पुसायची. तेव्हा तो दुसरीकडे बघायचा. त्या टाचा बघवत नसत.

"आणि बायकांना बूट?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. तेजस्विनी समजुतीने म्हणाली, "काका, त्यांना बूट दिले तर जखमाच होणार नाहीत. मग अभ्यास कसला करायचा?"

"बरोबर," अध्यक्ष म्हणाले. "शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर."

कुणी हसलं नाही. कुणीतरी हसायला हवं होतं, असं पांडुरंगला वाटलं. समितीची कारकून सुविधा सह्यांचा कागद घेऊन त्याच्याजवळ आली, तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं.

"माझी सही नाय."

"पांडुरंगबाब," अध्यक्ष म्हणाले, "सामान्य माणसाच्या बाजूने बघायला तुम्हाला इथे बसवलंय."

"मी तेच बघतोय."

"हो. बघायला," अध्यक्ष म्हणाले आणि बैठक संपली.

घरी येऊन त्याने सगळं बायकोला, शांताला, सांगितलं. ती शाबासकी देईल असं त्याला वाटलं होतं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आणि ह्याच्या आधी तीन वर्षां सह्यो केल्यात, ते कागद वाचले होते?"

त्या दिवशी त्याला जेवण नीट गेलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. त्याच्या मोलाच्या योगदानाबद्दल विद्यापीठ ऋणी होतं आणि त्याची मुदत संपली होती. त्यानंतरच्या रविवारी सुविधा स्वतः पेडण्याला आली. ओळखपत्र परत न्यायला आले, म्हणाली. चहा झाला तरी ती उठेना.

"तुमच्या जागी कोणीतरी पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "समितीत बायका कमी, म्हणून बाई असली तर बरं. आणि..." ती बशीत बघत राहिली. "अध्यक्षांनी सांगितलंय, कमी बोलणारी बघा."

पांडुरंगने थोडा विचार केला.

"एक आहे. सुलोचना. गरजेपुरतंच बोलते. चौथी शिकलीय, सही येते."

"करतात काय?"

"नदीत असते. चोपड्याला."

शिफारशीचा फॉर्म भरणारं सुविधाचं पेन थांबलं. तिनं पांडुरंगकडे पाहिलं, मग शांताकडे. शांता निर्विकारपणे कप उचलत होती. सुविधाने खाली मान घातली आणि व्यवसायाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : जलक्षेत्राचा दीर्घ अनुभव.

अध्यक्षांना ही शिफारस फारच पसंत पडली.

महिन्याभराने सुविधाचा फोन आला. तोच प्रस्ताव पुन्हा बैठकीत आला होता. सुलोचना दोन तास गप्प बसली होती, चहासुद्धा नको म्हणाली. सह्यांचा कागद पुढे आला तेव्हा मात्र तिनं तो हातात धरून ठेवला आणि सांगितलं, बारा जोड आणखी लिहा.

"मग?" पांडुरंगने विचारलं.

"मग अध्यक्षांनी तेच समजावलं. सगळ्यांना बूट दिले तर अभ्यास कसला करायचा."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. चप्पल काढली आणि टेबलाखालून पाय बाहेर घेऊन सगळ्यांना दाखवला. सगळे दुसरीकडे बघायला लागले. तेजस्विनी तेवढी बघत राहिली. तिलाच त्या म्हणाल्या, 'बूट घातल्यार ह्यो पाय बरो होता काय नाय, ता बघ. तोच अभ्यास.'"